वृद्धनिवासाची फायर तपासणी: नोटिशीपासून फॉर्म बीपर्यंत

बोरिवलीतल्या एका वृद्धनिवासाचं कार्यालयीन काम माझ्याकडे आहे. भाड्याचा जुना बंगला, तळमजला अधिक दोन मजले, २२ आजी-आजोबा. त्यातले ६ पूर्ण अंथरुणावर, आठ-नऊ जण कुणाचा तरी हात धरून चालणारे, बाकीचे आपलं आपण करणारे. फेब्रुवारीत अग्निशमन दलाची तपासणीची नोटीस आली आणि जुलैत शेवटचा कागद, फॉर्म बी (आगीची व्यवस्था चालू असल्याचं प्रमाणपत्र), फाइलला लागला. मधल्या काळात माहिती तुकड्यातुकड्यांनी, याला विचार त्याला विचार करत गोळा करावी लागली. ती एका जागी असावी म्हणून लिहिते आहे. संस्था चालवणाऱ्यांना उपयोग होईलच. आईवडिलांसाठी जागा शोधणाऱ्यांनाही गेटच्या आत गेल्यावर काय बघायचं ते कळेल.

नोटीस बघून पोटात गोळा येतो, पण ती नीट वाचली की निम्मी भीती जाते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीत आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवणं आणि ती चालू स्थितीत राखणं ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. म्हणजे घरमालक 'तुमचं तुम्ही बघा' म्हणाला तरी तो सुटत नाही, आणि 'जागा आमची नाही' म्हणून आपणही सुटत नाही. भाडेकरार नव्याने करताना वायरिंग कोणाकडे, अलार्म कोणाकडे, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे कलम घालून घ्या. आमच्या जुन्या करारात ते नव्हतं, त्यामुळे वायरिंगचा अर्धा खर्च मालकांच्या गळी उतरवण्यात एप्रिल अख्खा गेला.

दुसरा गोंधळ 'घरच तर आहे' या समजुतीचा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये इमारतींचे वापरानुसार गट पाडले आहेत. राहती घरं गट ए मध्ये येतात. वृद्ध आणि दुर्बळांना सांभाळणाऱ्या संस्था गट सी मध्ये, इस्पितळांच्या शेजारी, सी-२ म्हणून. भिंती त्याच असल्या तरी आत राहणारी माणसं स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून मोजमाप बदलतं. हे एकदा डोक्यात बसलं की तपासणीतल्या अर्ध्या शेऱ्यांचं आश्चर्य वाटत नाही.

सुरुवातीचे काही दिवस आम्ही 'वृद्धनिवासाचं लायसन्स कुठे मिळतं' हा प्रश्न घेऊन फिरत होतो. असं एका खिडकीवर मिळणारं एकच लायसन्स आम्हाला काही सापडलं नाही. आगीचा कायदा वेगळा, इमारतीचा वेगळा, स्वयंपाकघराचं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, लिफ्ट असेल तर महाराष्ट्र उद्वाहन अधिनियम २०१७ खाली विद्युत विभागाच्या निरीक्षकांकडे, कर्मचाऱ्यांसाठी गुमास्ता, संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्त. यातला सगळ्यांत निसरडा भाग महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी अधिनियम, १९४९ चा. त्याच्या व्याख्येत आजारी किंवा जखमी माणसांबरोबर दुर्बळ व्यक्तीही आहेत, मात्र त्यांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा दिली जात असेल तर. आमच्याकडे सांभाळणाऱ्या मावशी आहेत, डॉक्टर बाहेरून येतात, सलाईन लावलं जात नाही. तरी गेटवरच्या बोर्डावर '२४ तास नर्सिंग' असं होतं. तो बोर्ड आधी बदलला. मग विभाग कार्यालयातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना आमच्याकडे नेमकं काय दिलं जातं आणि काय नाही याचं पत्र दिलं. अशी पत्रं हातोहात देऊन येऊ नका. आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. पुढे कोणीही विचारलं की तीच दाखवायची.

मग एजन्सी. फायरचं काम फक्त राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचं लायसन्स असलेल्या एजन्सीने करायचं असतं आणि त्यांची यादी संचालनालयाच्या वेबसाइटवर आहे. लायसन्स नंबर तिथे टाकून मुदत बघा. आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली. एकाने जागा न बघताच 'फोटो पाठवा, संध्याकाळपर्यंत सर्टिफिकेट देतो' म्हटलं. सगळ्यांत स्वस्त तोच होता. त्याचा नंबर आम्ही खोडून टाकला. बाकी दोघांच्या आकड्यांत दुपटीचा फरक होता, कारण एकाने नुसते सिलिंडर भरणं धरलं होतं आणि दुसऱ्याने अलार्म पॅनेल, डिटेक्टर, हूटर, इमर्जन्सी लाइट सगळं. दरपत्रकाच्या शेवटी फॉर्म एचा, म्हणजे व्यवस्था नियमाप्रमाणे केल्याच्या एजन्सीच्या प्रमाणपत्राचा, खर्च धरला आहे का आणि १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का, हे विचारल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

तपासणीला आलेले अधिकारी थेट गच्चीवर गेले आणि तिथून खाली उतरत आले. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर रात्रपाळीच्या मावशी नुकत्याच उठून चहा घेत होत्या. साहेबांनी त्यांनाच विचारलं, 'मावशी, रात्री दोनला या खोलीतून धूर यायला लागला, तर पहिलं काय कराल?'

'ताईंना फोन करीन,' मावशी म्हणाल्या.

'ताई कुठे राहतात?'

'वसईला.'

साहेब हसले नाहीत. '१०१ लावायचा आधी. आणि फोन होईपर्यंत या दोन आज्यांना कोण उचलणार?' एवढं विचारून ते खाली उतरले. सिलिंडर भरलेत का, पाट्या लागल्यात का, हे त्यांनी सगळं बघितलं; पण परत आलेल्या शेऱ्यांमध्ये निम्म्याहून अधिक या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेले होते. रात्री आमच्याकडे दोन मावशी आणि एक वॉर्डबॉय असतो. त्या तिघांच्या हाताने जे होईल तेवढंच खरं, असं धरून आम्ही पुढचं सगळं काम आखलं.

पहिला विषय कुलपांचा. बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, हा बिल्डिंग कोडमधला नियम. आमच्याकडे स्मृतिभ्रंश झालेले दोन आजोबा रात्री उठून 'ऑफिसला जायचंय' म्हणून निघतात, त्यामुळे मुख्य दाराला सरकतं लोखंडी गेट आणि मोठं कुलूप. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. यावर उपाय निघाला तो चुंबकी लॉकचा. दार विजेवर बंद राहतं, वीज तुटली की आपोआप सुटतं. अलार्म वाजला की पॅनेलमधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, लॉकची वीज तोडतो. इथे एक गोष्ट हमखास चुकते. लॉकच्या पॉवर सप्लायला स्वतःची बॅटरी असते. वायरमनने रिले त्या सप्लायच्या आधी, म्हणजे घरच्या विजेच्या बाजूला जोडला, तर अलार्म झाल्यावरही बॅटरी दार घट्ट धरून ठेवते. रिले बॅटरीच्या पुढे, लॉकला जाणाऱ्या वायरवरच हवा. शिवाय दाराशेजारी हिरवी इमर्जन्सी डबी लावायची, तीही थेट लॉकची वायर तोडणारी. चाचणी घेताना मेन स्विच पाडून बघा, बॅटरी चालू ठेवून बघा आणि हिरवी डबी दाबून बघा, तिन्ही वेगवेगळं. लॉक, सप्लाय, कीपॅड आणि मजुरी धरून १५ हजारांच्या आत काम झालं. लोखंडी गेट काढून टाकलं. मागच्या दारासमोरचं डायपरच्या खोक्यांचं कपाटही हलवलं. खोक्यांचा तो साठा मुळात जिन्याखाली होता, मीटरला लागून. एवढा कापूस आणि प्लास्टिक मीटरजवळ नको, हे वेगळं सांगायला नको, पण मुंबईत जिन्याखालची जागा रिकामी बघवत नाही कोणाला.

खिडक्यांच्या ग्रिललाही प्रत्येक मजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक उघडणारा भाग करून घेतला. बिजागऱ्या बाहेरून गंजतात, पावसाआधी ग्रीस घाला.

माणसं बाहेर काढायची रीत ठरवायला जास्त वेळ लागला. प्रत्येक खोलीच्या दाराच्या चौकटीवर रंगीत टिकल्या लावल्या: हिरवी म्हणजे स्वतः चालणारे, पिवळी म्हणजे हात धरून, लाल म्हणजे उचलून. टिकली खोलीला नसते, माणसाला असते. कोणाचं खुब्याचं ऑपरेशन झालं की हिरवीची लाल होते, म्हणून दर सोमवारी मोठ्या मावशी त्या तपासतात. मग रात्रपाळीच्या तिघांनाच घेऊन कवायत केली. आजी-आजोबांना उचलण्याचे प्रयोग अजिबात करायचे नाहीत. त्यांच्या जागी दिवसपाळीचे कर्मचारी झोपले. वरचे दोन मजले रिकामे व्हायला वीस मिनिटं लागली. धुरात एवढा वेळ कोणालाच मिळत नाही. लिफ्ट आमच्याकडे नाही, पण असती तरी आगीत वापरायची नसते, तेव्हा हा आकडा फारसा बदलला नसता.

उपाय साधा होता, पण गळी उतरवायला कठीण. लाल टिकलीचे सगळे तळमजल्यावर आणि हिरवी टिकलीवाले वर. झालं, नातेवाइकांचे फोन सुरू. आईला बाल्कनीची खोली दिली होती, तिचे पैसे जास्त भरतो आम्ही, वगैरे. पत्र पाठवण्यापेक्षा बोलावून जिना दाखवणं उपयोगी पडलं. दोन कुटुंबांना दरमहा फरकाची रक्कम कमी करून दिली. एक कुटुंब आईला घेऊन गेलं, त्याचं वाईट वाटलं.

उचलण्यासाठी तयार इव्हॅक्युएशन शीट बाजारात मिळते, पण महाग. आम्ही जाड कॅनव्हासच्या शिवून घेतल्या, बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून, साधारण ९०० रुपयांना एक. गादीखाली कायम पसरलेली राहते. छातीवर आणि गुडघ्यांवर बांधायला पट्टे, डोक्याकडे आणि पायांकडे हाताच्या मुठी मावतील असे फास. फासांची शिवण दुहेरी, चौकोनात फुली मारून. साधी एकेरी शिवण झटक्यात उसवते. गादी फोमची असेल तर गादीसकट माणूस जमिनीवरून सहज ओढता येतो. काथ्याची जड गादी ओढताना दोघांची दमछाक होते, त्या बदलल्या. जिन्यावरून उतरवताना पाय पुढे, आणि ताकदीचा माणूस डोक्याकडे, मागे रेलून वेग धरणारा. खोल्या बदलल्यानंतरच्या कवायतीत वेळ आठ मिनिटांच्या आत आला. खोलीतून निघताना दार ओढून घ्यायचं, ही सवय लावायला मात्र उचलण्यापेक्षा जास्त वेळ गेला. बंद दार धूर बराच अडवतं.

विजेचं काम सगळ्यांत खर्चिक, पावणेदोन लाखांच्या आसपास. पलंगाखाली एक्स्टेंशन बोर्ड, त्यात एअर मॅट्रेसचा पंप, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) आणि कुणाची तरी चहाची किटली. पंप दहा-वीस वॉटचा, कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशेच्या घरात, किटली दीड हजारांची. बोर्ड जळायला किटली पुरेशी होती. प्रत्येक पलंगामागे भिंतीत पक्के पॉइंट काढले आणि किटल्या पॅन्ट्रीत नेल्या. सरकारमान्य विद्युत ठेकेदाराकडून चाचणीचा अहवाल घ्यावा लागतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे वायरींचं आवरण तपासायच्या यंत्रावर, इन्सुलेशन किमान १ मेगओहम दिसलं पाहिजे. जुन्या बंगल्यात ओलीमुळे ते येत नव्हतं, बाथरूमच्या भिंतीतल्या वायरी बदलल्यावर आलं.

३० मिलिअँपियरचे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारे स्विच, बसवले आणि ते दिवसाला चार वेळा पडायला लागले. बहुतेक ठिकाणी इथेच कोणीतरी कंटाळून आरसीसीबीला बायपास करतं. पडण्याची कारणं दोनच होती. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकमेकांत जोडलेल्या, त्यामुळे एका आरसीसीबीतून गेलेला करंट दुसऱ्यातून परत यायचा. आणि एका गीझरचं एलिमेंट गळत होतं. न्यूट्रल वेगळ्या केल्या, गीझर बदलला, पडणं थांबलं. बाथरूममध्ये ओल्या हाताने गीझरचं बटण दाबणाऱ्या आजींसाठी ही एवढी डबी फार मोलाची आहे. गीझरचा थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवा, म्हातारी कातडी लवकर भाजते.

ऑक्सिजन आणि देव, हा आमच्याकडचा नाजूक प्रश्न. दोन आज्यांच्या खोलीत छोटं देवघर, रोज सकाळ-संध्याकाळ निरांजन आणि उदबत्ती. त्याच खोलीत एकीला कॉन्सन्ट्रेटर लागला. ऑक्सिजनची नळी जिथे असते तिथे गादी, उशी, साडी सगळं साध्या हवेतल्यापेक्षा लवकर पेट घेतं. ज्योत किमान दहा फूट लांब पाहिजे. 'बंद करा' म्हणून कोणी ऐकत नाही आणि का ऐकावं? तळमजल्याच्या पडवीत सामाईक देवघर केलं, खाली पितळी परात, समई परातीत, आरतीच्या वेळी एक मावशी हजर. खोल्यांत बॅटरीवरचे दिवे. सुरुवातीला नाराजी होती, आता संध्याकाळच्या आरतीला पडवीत गर्दी होते. बसायला खुर्च्या कमी पडतात.

स्मोक डिटेक्टर प्रत्येक खोलीत आणि पॅसेजमध्ये. स्वयंपाकघर आणि पडवीत मात्र उष्णतेवर चालणारे घ्या, नाहीतर फोडणी आणि धूप दोन्हींवर हूटर वाजतो. महापालिकेची डासांची धूरफवारणी झाली की सगळे एकदम वाजतात. फवारणीचा आवाज ऐकला की खिडक्या लावायच्या. वारंवार खोटा अलार्म झाला की कर्मचारी पॅनेल 'सायलेंट' करून टाकतात आणि तो तसाच राहतो. म्हणून पॅनेल मावशींच्या टेबलासमोर हवं, ऑफिसच्या बंद खोलीत नको. पॅनेल, डिटेक्टर, हूटर आणि इमर्जन्सी लाइट मिळून लाखाच्या थोडं वर गेलं.

अग्निशमन सिलिंडरबद्दल एकच सांगते. ६ किलोच्या एबीसी पावडर सिलिंडरचं एकूण वजन नऊ-दहा किलोंवर जातं आणि आमच्या मावशींना ते पेलत नाही. एजन्सीशी बोलून मजल्यांवर ४ किलोचे घेतले, संख्या वाढवली. पॅनेल आणि मीटरजवळ कार्बन डायऑक्साइडचा, स्वयंपाकघरात तेलाच्या आगीसाठीचा के टाइप. भरण्याची तारीख सगळे बघतात, पण दाबचाचणीची तारीख कोणी बघत नाही. ती एबीसीची तीन वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडची पाच वर्षांनी असते. सिलिंडर चाचणीला नेताना एजन्सीकडून बदली सिलिंडर ठेवून घ्या.

बाकीचं थोडक्यात. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. आमचं ऑडिट 'सी-३' निघालं, म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ग्रॅब बार, म्हणजे धरायचे दांडे, भिंतीला लावण्याआधी ऑडिट करून घ्या, कारण पोकळ प्लास्टरवर किंवा हलक्या विटेवर बसवलेला बार माणसाच्या वजनाने स्क्रूसकट हातात येतो. बाथरूमची कडी बाहेरून नाण्याने उघडेल अशी. स्वयंपाकघरासाठी एफएसएसएआयचा अर्ज फॉस्कॉस पोर्टलवर होतो. आचाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि पाण्याचा अहवाल आधीच तयार ठेवा. लाल घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचे व्यावसायिक घ्यायचे आणि सगळे मिळून साठा १०० किलोंच्या आत. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट आणि चढायला शिडी हवी, कीटकनाशक विभागाचे लोक तेच बघतात. इन्सुलिनच्या सुया साध्या कचऱ्यात जात होत्या. त्या आता टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जमा होतात.

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती नव्या प्रकल्पांच्या विकासकांसाठी आहेत, आमच्यासारख्यांना थेट लागू नाहीत. पण ९०० मिलिमीटरची दारं आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, या दोन गोष्टी आम्ही तिथून उचलल्या. ७५० च्या दारातून व्हीलचेअर जाते, पण चालवणाऱ्याची बोटं सोलवटून.

मेच्या शेवटी एजन्सीने फॉर्म ए दिला, अधिकाऱ्यांची दुसरी भेट जूनमध्ये झाली. ते पुन्हा गच्चीवरून सुरू झाले. मावशींना त्यांनी तोच प्रश्न विचारला. मावशींनी १०१ सांगितलं आणि न विचारता कॅनव्हास बाहेर काढून दाखवला. दोन शेरे राहिले होते, पाट्या अंधारात चमकणाऱ्या हव्यात आणि पहिल्या मजल्यावरचा एक इमर्जन्सी लाइट बंद. ते लगेच केलं.

फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. व्यवस्था चालू आहे असं एजन्सीने प्रमाणित करायचं आणि आपण ते अग्निशमन दलाकडे द्यायचं. जुलैचा मुहूर्त नेमका पावसातला, पॅनेलमध्ये ओल, डिटेक्टरमध्ये मुंग्या, मीटर बॉक्समध्ये गळती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच एजन्सीला बोलावून घ्या. जुलैत ते सगळ्यांकडे एकदम धावत असतात. तंत्रज्ञ प्रत्येक डिटेक्टर स्वतः वाजवून बघतोय ना, हे आपल्यातल्या कोणीतरी सोबत फिरून बघायचं आणि खोलीनुसार नोंद करून त्याची सही घ्यायची. पॅनेलची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, तिच्यावर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. आम्हाला फॉर्म बीचे आठ हजार अधिक जीएसटी पडले. जानेवारीची तारीख एजन्सीकडून आत्ताच लिहून घेतली आहे.